तात्या आणि माझ्या लेकीचा ताप

तात्या गेल्याचा फोन शाळेत आला तेव्हा मी चौथीच्या मुलांकडून सतराचा पाढा म्हणून घेत होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाई, घरनं फोन हाय. तुमचं थोरलं दीर गेलं म्हणं." मुलांचा पाढा थांबला. मी त्यांना म्हटलं, थांबू नका, पुढे म्हणा… आणि सतरा दाहे एकशे सत्तर होईपर्यंत खुर्चीतून उठले नाही. अशा वेळी माणसाचे पाय गळतात, भरून येतं, असं म्हणतात. मला राग आला. हातातला खडू मोडला इतका आला. दहा-अकरा वर्षं ज्या माणसासमोर बसून एकदा काय ते भांडायचं म्हणून मी शब्द जुळवत होते, तो माणूस सकाळी कट्ट्यावर दूध पिऊन घरी आला, चपला काढल्या, सोप्यातल्या खुर्चीत बसला आणि कुणाला त्रास न देता गेला. 'कुणाला त्रास न देता' हे त्या दिवशी मी निदान चाळीस तोंडांतून ऐकलं. रिक्षात बसून घरी जाताना माझ्या मनात एवढंच होतं, की तात्या सुटले बरे.

आमच्याकडे तेरावं घालत नाहीत. पुण्यानुमोदन असतं. बुद्धवंदना होते, आणि मग ओळखीचे लोक उठून गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलतात. तात्यांच्या वेळी ते दोन शब्द दीड तास चालले. फौंड्रीतले जुने कामगार बोलले, वसाहतीच्या मंडळाचे अध्यक्ष बोलले, आणि एका भाच्याने तर "तात्या म्हणजे आमच्या घरचा डॉक्टर" असं म्हणून डोळे पुसले. मी मान खाली घालून बसले होते. लोकांना वाटलं, दुःखानं. कार्यक्रम संपल्यावर वर्तमानपत्राच्या पुरवणीचं काम बघणारे एक परिचित जवळ आले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही एका घरात राहिलात, तुम्ही लिहा त्यांच्यावर." मी म्हटलं, लिहीन, पण मला जे माहीत आहे तेच लिहीन. ते म्हणाले, तेच हवंय. आता छापून आल्यावर त्यांनी मला दोष देऊ नये.

तात्या म्हणजे माझ्या मिस्टरांचे थोरले भाऊ. लहानपणीच फौंड्रीत लागले, मोल्डिंगपासून सुरुवात करून भट्टीवरचे मुकादम होऊन निवृत्त झाले. आम्ही एकाच घरात, ते खाली, आम्ही वर. मिस्टर एस.टी.त कंडक्टर, आज गारगोटी तर उद्या सोलापूर, त्यामुळे घरातला पुरुष म्हणजे तात्याच. उंच, काळेसावळे, आवाज दणदणीत. भट्टीजवळच्या आवाजानं कान थोडे अधू झाले होते, म्हणजे असं घरातले सगळे धरून चालत. त्यांना मूल नव्हतं. माझी जाऊ, जिला मी आक्का म्हणते, ती मुलखाची गरीब बाई. तात्या बोलायचे आणि आक्का त्याप्रमाणे करायची, असा त्यांचा चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा संसार. मी लग्न होऊन आले ती डी.एड. होऊन, नोकरीसकट आले. पहिल्याच आठवड्यात तात्यांनी माझं नाव ठेवलं, मास्तरीणबाई. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला आजवर कळलेलं नाही.

कोल्हापूरच्या बाहेरच्या वाचकांसाठी कट्ट्याबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे गवळी सकाळ-संध्याकाळ म्हशी घेऊन चौकात येतात, तुमच्या डोळ्यांदेखत धार काढतात, आणि फेसानं भरलेला ग्लास तसाच तुमच्या हातात देतात. धारोष्ण दूध. माणसं उभ्या उभ्या पितात, मिशा पुसतात, राजकारण बोलतात आणि घरी जातात. तात्यांचा तो नेम होता, पाऊस असो की ताप असो. एकदा मी सहज विचारलं, एवढं काय आहे हो त्या दुधात? तेव्हा ते जे बोलले ते मी विसरलेले नाही. म्हणाले, "मास्तरीणबाई, माझा बा गावात पाटलाची म्हसरं राखायचा. शेण काढायचं आमी, पर चरवीला हात लावला तर चाबूक. हितं मी चार जातीच्या माणसांत हुबा ऱ्हाऊन म्हशीखालचं दूध पितो. गवळी माझ्या हातात गलास देतो. तुमाला न्हाई कळायचं." मला कळलं होतं. माझ्या वडिलांनीही काही कमी सोसलं नव्हतं. म्हणूनच तर पुढे मी त्या दुधावर कधी संशय घेतला नाही.

सुजाता झाली तेव्हा नाव त्यांनीच ठेवलं. उपाशी बुद्धाला खीर देणारी सुजाता, म्हणून. "दूधदुभत्याचं नाव हाय, पोरगी ठणठणीत व्हणार," असं म्हणत पाळण्याभोवती फिरले होते. पोर चालायला लागल्यापासून तात्यांच्या खांद्यावर. पाच वर्षांची झाल्यावर दर रविवारी तिला कट्ट्यावर न्यायचे. परत यायची ती ओठांवर पांढऱ्या मिशा घेऊन, आणि मी हसून पदरानं पुसायची.

सुजाता तिसरीत गेली आणि ताप सुरू झाला. नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. संध्याकाळी चढायचा, घामानं फ्रॉक भिजायचा, सकाळी पोर ठीक. असं दहा-बारा दिवस. मग पंधरा दिवस, तीन आठवडे काही नाही. आम्ही हुश्श करावं, तर पुन्हा. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी विषमज्वर म्हणून औषध दिलं. गेला. पुन्हा आला. मलेरिया म्हणून दिलं. गेला, पुन्हा आला. पोर वाळत चालली. शाळेत बाकावर डोकं टेकून झोपायची आणि तिच्या वर्गशिक्षिका, माझीच मैत्रीण, मला निरोप धाडायची. मी दुसऱ्यांच्या चाळीस पोरांना शिकवत होते आणि माझी पोर शेजारच्या वर्गात तापानं फणफणत होती.

इथे तात्यांचं वैद्यक सुरू झालं. त्यांच्या मते माणसाचं सगळं दुखणं पोटात. डोकं दुखलं, पोट. केस गळले, पोट. एके दिवशी संध्याकाळी सुजाताला पलंगावर उताणं निजवून त्यांनी तिच्या पोटावर दोन बोटांनी टकटक केलं, जसं ते ओतीव काम नीट उतरलंय का म्हणून वाजवून बघायचे तसं, आणि निकाल दिला. "भट्टीत मळी साचली की वतकाम बिघडतंय. वरनं कितीबी पॉलिश मारा. हिच्या आतड्यात मळी साचलीया. ताप वर दिसतोय, पर जळतंय खाली. तुमी डॉक्टरकडं जाऊन वरनं पॉलिश मारताय नुसतं." झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात ती भट्टी साफ करण्याचा कारखाना निघाला. बटाटा बंद, शेंगदाणे बंद, बेकरीची खारी बंद, वाढदिवसाचा केकसुद्धा बंद. रोज उठल्याबरोबर "जीभ दाखव". दर रविवारी एरंडेल, आल्याच्या चहातून. दुपारी ओवा घातलेलं ताक. ताप आला की लंघन, दोन दोन दिवस नुसतं सुंठीचं पाणी. आठ वर्षांच्या पोरीला शी कशी झाली, किती झाली, हे चार माणसांत मोठ्यानं विचारायचे, आणि ती रडवेली होऊन माझ्यामागे लपायची.

आणि गंमत बघा, या माणसाला अंधश्रद्धेचा तिटकारा होता! शेजारच्या पाटीलकाकू एकदा काळजीनं म्हणाल्या, "पोरीला वाडीला घेऊन जाऊया की गं, दत्ताच्या पायावर घालूया." नृसिंहवाडीला. माझाही जीव इतका टेकीला आला होता की मी नाही म्हटलं नव्हतं. तात्यांनी काकूंना सोप्यातूनच ऐकवलं, "आमी छप्पन साली हे सगळं गाठोडं टाकून दिलंय, काकू. आमच्यात अंगारा चालत न्हाई. आमच्यात शास्त्र चालतंय." काकू बिचारी परत गेली. मला तेव्हा तात्यांचा अभिमान वाटला, हे कबूल करते. आज वाटतं, अंगारा परवडला असता. अंगारा लावून कुणाच्या खुब्याचा सांधा जात नाही.

एनिमाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. एका शनिवारी मी शाळेतून लवकर आले, तर न्हाणीतून सुजाताच्या किंकाळ्या. आक्का तिचे हात धरून बसली होती आणि तात्या शाहूपुरीतल्या दुकानातून आणलेलं एनिमाचं भांडं खुंटीला अडकवत होते. पोर "आई, आई" करत होती. मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. भांडं माझ्या हातात आलं आणि पुढच्याच क्षणी अंगणात फरशीवर आपटलं, एवढं आठवतं. तात्या पाणी टपकणारी नळी हातात घेऊन बघत राहिले. मी म्हटलं, "माझ्या पोरीला पुन्हा हात लावाल तर याद राखा." आयुष्यात त्यांच्याशी मी तेवढं एकच वाक्य त्या आवाजात बोलले. ते खाली मान घालून गेले आणि दोन दिवस जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मिस्टर ड्युटीवरून आले. दोघा भावांची सोप्यात बैठक झाली आणि माझ्याकडे तोडगा आला. एनिमा नाही, एरंडेल नाही, लंघन नाही. पण पोटाला आतून ताकद यायला पाहिजे, तेवढं तात्यांना करू द्यायचं. रविवारच्या ऐवजी रोज, उपाशीपोटी, कट्ट्यावरचा एक मोठा ग्लास. "आतडं धुऊन निघतंय, वर ताकद," तात्या म्हणाले. मिस्टर माझ्याकडे बघत होते, की आता तरी मिटव. मी विचार केला, दूधच तर आहे. त्यात काय वाईट? मोठ्या माणसाचा मान राहील, पोरीचे हाल थांबतील. मी हो म्हटलं. कुणी जबरदस्ती केली नाही. मला वाटलं होतं, मी जिंकले.

ताप वाढला. दोन महिन्यांत पोर निम्मी झाली, कंबर दुखते म्हणायला लागली. शेवटी मी कुणाला न विचारता राजारामपुरीतल्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंची वेळ घेतली. मिस्टर ड्युटीवर, म्हणून रिक्षात तात्या बरोबर आले. सुजाताचा स्वेटर हातात धरून ते माझ्या खुर्चीमागे उभे होते, हाताच्या अंतरावर. बाई हुशार होत्या, तरुण होत्या, सगळं शांतपणे लिहून घेत होत्या. ताप किती दिवसांनी येतो, घाम येतो का, घरात कुणाला खोकला आहे का. मग त्यांनी विचारलं, "घरी जनावरं आहेत? मुलगी कच्चं दूध पिते का?"

मी म्हटलं, "नाही हो डॉक्टर. आमच्याकडे पिशवीचं दूध, तेही दोनदा तापवते मी."

हे खोटं नव्हतं. हे लिहिताना आजही मी स्वतःला तेच सांगते. घरी आलेलं दूध मी दोनदा तापवत होते. कच्चं दूध म्हणजे घरातलं, न तापवलेलं, नासायला आलेलं, असंच आमच्या डोक्यात. कट्ट्यावरचं ते धारोष्ण. ताजं. औषधी. त्याला कोल्हापुरात कोण कच्चं म्हणतं? ते दूध पिणं हे फिरायला जाण्यासारखं, देवळात जाण्यासारखं, ते खाण्यापिण्याच्या हिशेबात येतच नाही. बाईंनी मान हलवली, कागदावर काहीतरी खोडलं आणि पुढच्या प्रश्नाकडे गेल्या. मागे तात्या उभे होते. त्यांनी स्वेटर या हातातून त्या हातात घेतला. मला आठवतं, कारण त्याचं एक बटण माझ्या मानेला लागलं.

त्यानंतरचं सव्वा वर्ष मी एका दमात सांगते, कारण थांबून सांगायची माझ्यात ताकद नाही. क्षयाच्या तपासण्या झाल्या. फोटो, रक्त, पुन्हा फोटो. सांधेवाताचं औषध झालं. ताप येत-जात राहिला, आणि रोज सकाळी, बरं वाटत असेल त्या प्रत्येक सकाळी, तात्या पोरीला कडेवर घेऊन कट्ट्यावर जात राहिले. मग उजवा खुबा धरला. पोर पाय टेकेना. चौथीचं वर्ष गेलं, तिच्या मैत्रिणी पाचवीत गेल्या. अखेर राजारामपुरीच्या बाईंनीच हात टेकले आणि मिरजेला एका जुन्या, म्हाताऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे मिस्टर आणि मी गेलो, तात्या नव्हते. त्या डॉक्टरांनी आमच्याकडे बघितलंच नाही. सुजाताच्या पलंगावर बसले आणि तिला विचारलं, "बाळ, सकाळी उठल्यापासून काय काय करतेस, सांग बघू मला." सुजाता म्हणाली, "दात घासते. मग तात्यांच्याबरोबर कट्ट्यावर दूध प्यायला जाते."

डॉक्टर माझ्याकडे वळले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सांगितलं, जनावरांचा एक आजार असतो, न तापवलेल्या दुधातून माणसात येतो, असा लाटेसारखा ताप देतो, हाडं-सांधे धरतो. तपासणी केली, तेच निघालं. अनेक आठवडे इंजेक्शनं आणि गोळ्या झाल्या, आणि ताप गेला. खरोखर गेला, पुन्हा आला नाही. खुबा मात्र पूर्ण सुटला नाही. माझी लेक आज एकवीस वर्षांची आहे. तिला मांडी घालून बसता येत नाही आणि चालताना ती उजवीकडे किंचित झुकते. अनोळखी माणसाला वाटतं, चपलेत खडा गेलाय.

घरी येऊन मिस्टरांनी तात्यांना सगळं सांगितलं, राजारामपुरीतला तो प्रश्न आणि माझं 'नाही'सुद्धा. मी जिन्यात उभी राहून ऐकत होते. मला वाटलं होतं, हा माणूस कोसळेल. तात्या म्हणाले, "म्हशीला नावं ठेवू नका. मी जल्मभर पितोय, मला काय झालं न्हाई." दुसऱ्या दिवशी सकाळी ते कट्ट्यावर गेले. एकटे. एवढाच काय तो फरक. आणि मग महिन्याभरात एका नातेवाइकाच्या लग्नात, पंगतीत, पोर लंगडते कशानं असं कुणीतरी विचारल्यावर मी माझ्या कानांनी ऐकलं, "डॉक्टरीणबाईनं सरळ इचारलं हुतं की, कच्चं दूध पिती का म्हणून. हिनंच न्हाई म्हणून सांगितलं. शिकलेली मास्तरीण! आता कुणाला बोलायचं?" मी वाढायला उभी होते. हातातली बुंदीची परात तशीच धरून उभी राहिले. ते खोटं बोलत नव्हते. मी 'नाही'च म्हटलं होतं. पुढे तीच कथा मी आणखी दोन लग्नांत आणि एका बारशाला ऐकली. आईच्या एका शब्दानं पोरीचं वर्ष गेलं आणि पाय गेला, हे आमच्या सगळ्या गोतावळ्यात पक्कं झालं. सगळ्यांत पक्कं माझ्यात झालं.

तुम्ही विचाराल, ते मागे उभे होते ना, मग ते का बोलले नाहीत? मीही विचारलं, मिस्टरांना, आक्काला, स्वतःला. उत्तर ठरलेलं. त्यांना ऐकू आलं नसेल. भट्टीवर कान गेलेत ना त्यांचे. ते मला पटवून घ्यावं लागलं, कारण दुसरं काही मानलं असतं तर त्या घरात राहता आलं नसतं. पण राग गेला नाही. तो माणूस चांगला वागायला लागला, त्याचाही राग आला. सुजाताला पाचवी ते सातवी रोज स्कूटरवरून शाळेत सोडलं त्यांनी, दप्तर वर्गापर्यंत नेऊन दिलं. ती दमली की तिचे पाय दाबत बसायचे. पोर तर त्यांच्यावर जीव टाकायची. वरून हाक मारली की ती खालून ओ द्यायची, बहुतेक वेळ त्यांच्याच खोलीत. आणि मी वर बसून विचार करायची, की हिला माझ्यापेक्षा हा माणूस जवळचा वाटतो, आणि का वाटू नये? 'नाही' तर मी म्हटलं होतं. हिचा पाय मी घालवला.

गेल्या महिन्यात सुजाता पुण्याहून आली, तात्यांची खोली आवरायला. तात्या गेले त्या दिवशी तीच ढसाढसा रडली होती सगळ्यांत जास्त. आक्का बाहेर सोप्यात बसून होती. आम्ही दोघी आत. कपडे वेगळे केले, जुनी रेशनकार्डं, फौंड्रीचं ओळखपत्र, चष्मे. टेबलाच्या कप्प्यात कानाचं यंत्र निघालं, नवं कोरं, एकदाही न वापरलेलं. मी म्हटलं, "घेतलं होतं, पण लावलं नाही कधी. लावलं असतं तर त्या दिवशी राजारामपुरीत…" सुजाता पलंगाच्या कडेला बसली, पाय लांब करून, तिला बसता येतं तशी.

"आई, त्यांना ऐकू आलं होतं."

मी हातातलं धोतर खाली ठेवलं.

"दहावीचा निकाल लागला त्या दिवशी सांगितलं त्यांनी मला. म्हणाले, डॉक्टरीणबाईनं इचारलेलं मला ऐकू आलतं. तुझी आई न्हाई म्हणाली, आन् मी गप्प बसलो. बोललो असतो तर दूध बंद झालं असतं. मला वाटत हुतं, त्यानंच तू बरी व्हणार हाईस." ती पुढे म्हणाली, "खूप रडले, आई. माझ्या पायाला हात लावला त्यांनी."

"आणि तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, असू दे तात्या. आणखी काय म्हणणार?"

"आणि मला का सांगितलं नाहीस?"

"त्यांनी शपथ घातली. म्हणाले, आईला कळलं तर ती तुला माझ्याकडं येऊ देणार न्हाई."

बरोबर बोलले होते. नसतं येऊ दिलं. हेच एक त्यांनी मला बरोबर ओळखलं होतं… पाच-सहा वर्षं माझ्या लेकीला हे माहीत होतं. तात्यांना तर अकरा वर्षं. पंगतीत बसून माझ्या नावानं बोलत होते तेव्हाही माहीत होतं. मी त्या परातीला धरून उभी होते तेव्हाही. मी सुजाताला म्हटलं, तू माफ केलंस, ताप तुझा होता, पाय तुझा आहे, तुझा हक्क. तिनं माझा हात धरला. म्हणाली, "आई, जाऊ दे की आता, गेले ते." मी म्हटलं, गेले म्हणूनच नाही जाऊ देत. जिवंत असते तर भांडले असते, ते उलट बोलले असते, मी रडले असते, कदाचित कधीतरी मिटलं असतं. पोरीचे पाय धरायला त्यांना सुचलं. जिना चढून वर यायला, बारा पायऱ्या, आणि माझ्यासमोर उभं राहून एक वाक्य बोलायला सुचलं नाही. मी त्यांच्याकडून तेवढंच मागितलं असतं, की मास्तरीणबाई, तुम्ही एकट्या नव्हता.

सुजाता पुण्याला परत गेली. खोली रिकामी आहे. आक्काची मात्र सवय सुटलेली नाही. तात्यांना कट्ट्यावर निघायचं असायचं म्हणून ती रोज साडेपाचला उठून पुढच्या दाराची कडी काढायची, ती अजून काढते. कडी जुनी, लोखंडी, तिचा आवाज थेट वर आमच्या खोलीत येतो. मिस्टर कूस बदलतात. मी उठते, जिना उतरते. आक्का चुलीपाशी पाठमोरी उभी असते, चहाचं आधण ठेवत, तिला माझी पावलं कळतात पण ती वळत नाही. मी दार लावते, कडी घालते आणि वर येते.